कुठला परवा

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या चार पाट्यांवर गावाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं आहे. दोन पाट्यांवर वडगाव व्हीने सुरू होतं, एकीवर डब्ल्यूने, आणि खालच्या झेरॉक्सवाल्याच्या पाटीवर दोन्ही आहेत: वर दुकानाच्या नावात व्ही, खाली पत्त्यात डब्ल्यू. अडीच वर्षं मी त्या पाटीखालून जिना चढते आहे. पोस्टमन एकदाही चुकलेला नाही.

प्रोग्राम मात्र चुकेल. हे माझ्या डोक्यात आलं जानेवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, आणि मी हातातला चहा खिडकीतच ठेवून खुर्ची ओढली.

आमचं ऑफिस वडगाव मावळला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. पवनमावळातल्या गुलाबवाल्यांच्या एका संघासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. त्यात तीन प्रोग्राम आहेत. पॉलिहाउसमध्ये कधी किती फुलं निघतील ते आरिफचा प्रोग्राम सांगतो. कोल्डरूममध्ये काय शिल्लक आहे ते सारिकाचा. आणि या दोघांना विचारून गाडीत कोणाची किती खोकी चढवायची ती यादी आदिनाथचा प्रोग्राम करतो. एका प्रोग्रामने दुसऱ्याला काय विचारायचं, कोणत्या शब्दांत, आणि उत्तर कोणत्या साच्यात द्यायचं, याचा एक लेखी करार असतो. त्या कराराला आमच्या धंद्यात एपीआय म्हणतात. आमच्याकडे असे तीन करार होते आणि ते तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिले होते. आरिफच्या फुलात एफ होता, सारिकाच्या फुलात पीएच. सारिका तारखेत वर्ष आधी लिहायची, आदिनाथ दिवस आधी.

मी इथे येण्याआधी बारा वर्षं रंगाच्या एका कारखान्यात नमुने तपासत होते. इथेही साधारण तेच करते, फक्त नमुना बाटलीत नसतो. करार कसे लिहावेत याचे नियम मी ठरवते आणि ते नियम तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहिते. कोणीही करारात बदल केला, की हा प्रोग्राम तो ओळीओळीने वाचतो आणि जिथे खडा लागेल तिथे बोट ठेवतो. अशा तपासणीला इंग्रजीत लिंट म्हणतात. पहिल्या दिवशी मी समजावून सांगत होते, कपड्याला चिकटलेले धागे वगैरे, तेवढ्यात सारिका म्हणाली, "म्हणजे पाखडायचं, एवढंच ना?" तेव्हापासून त्याचं नाव सूप. आरिफ रोज विचारतो, "ताई, आजचं सूप कोणतं? मंचाव की टोमॅटो?"

सुपाला दोन रंग आहेत. पिवळा म्हणजे इशारा: बघायचं असेल तर बघा. लाल म्हणजे अडवणूक: दुरुस्त केल्याशिवाय बदल पुढे जाणारच नाही. सात महिने सगळे नियम पिवळे होते आणि पिवळ्याकडे कोणी बघत नव्हतं. तीनशे चाळीस इशारे साठले होते. दोष त्यांचा नव्हता. आमचे मालक सोपानदादा यांनी जूनमध्येच सांगून टाकलं होतं, "तू म्हणशील त्या दिवशी लाल करू. पण म्हणायचं तू, ताई. मी नाही म्हणणार."

मी म्हणत नव्हते. मी स्वतःला एक अट घातली होती: शंभर इशाऱ्यांत खोटे इशारे पाचापेक्षा जास्त नकोत. सुपाने चांगला दाणा खडा म्हणून बाजूला काढला, तर माणसं सूपच फेकून देतात. जूनमध्ये शंभरात एकतीस खोटे निघायचे. दिवाळीला सतरा. त्या आठवड्यात नऊ. दर सोमवारी मी मोजायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं."

"ताई," आरिफ म्हणायचा, "माझी जीनत बालवाडीत आहे. ती इंजिनीअर होईपर्यंत तरी लाल कराल ना?"

त्या गुरुवारी दुपारी बारा वाजता नवी आवृत्ती जायची होती. तिच्यात आदिनाथची नवी यादी होती. आत्तापर्यंत प्रोग्रामच्या कच्च्या यादीवरून संघाचा माणूस कोल्डरूमला फोन करून, विचारून विचारून पक्की यादी करत असे. शनिवारपासून फेब्रुवारीच्या गुलाबांची मोठी तोडणी सुरू होणार होती, आणि शनिवारपासूनच यादी माणसाच्या नजरेखालून न जाता थेट गाडीवाल्याच्या मोबाइलवर पडणार होती. संघाचा नियम कडक आहे: तोडल्यापासून तिसऱ्या दिवशी फूल गाडीत चढलं नाही तर ते बाहेर पाठवायच्या मालातून बाद. म्हणून यादीत आधी जुनी फुलं, मग ताजी.

साडेनऊच्या आमच्या बैठकीत, उभ्या उभ्या, सारिकाने विचारलं होतं, "आदिनाथ, परवाचा आकडा घेतलास ना?"

"दोन्हीकडून घेतला."

"माझा बरोबर येतोय?" आरिफ.

"एकदम बरोबर. परवाची फुलं पहिल्यांदा चढणार."

"झालं मग," आरिफ म्हणाला आणि सगळे जागेवर गेले. मीही तिथेच उभी होते. मलाही काही खटकलं नाही.

आणि मग ती पाटी.

माझा एक नियम होता: एका नावाला एकच अर्थ. तिन्ही करारांत एकच नाव आलं, तर त्याचं माप, त्याचं वर्णन आणि दिलेलं उदाहरण जुळलं पाहिजे. नियम चांगला होता, पण तो अक्षरं बघत होता. एकाने व्ही लिहिला आणि दुसऱ्याने डब्ल्यू, तर त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. तो त्यांची तुलनाच करत नव्हता. आम्ही सगळे मराठीत विचार करून इंग्रजी अक्षरांत लिहिणारे, आणि माझा नियम मात्र इंग्रजाने लिहिल्यासारखा.

मी चौदा ओळी लिहिल्या. नाव तपासण्याआधी त्याचा उच्चार करून घ्यायचा: डब्ल्यूचा व्ही, पीएचचा एफ, दोन एचा एक ए, दोन ईचा एक आय. मूळ नाव तसंच ठेवायचं, जुळवायचा फक्त उच्चार. माझी बोटं कीबोर्डवर घसरत होती. कारखान्यात एकदा एका नमुन्याच्या वर्णपटाचा आलेख बघताना, जिथे एकच टोक दिसायला हवं तिथे दोन दिसली होती, तेव्हा असं झालं होतं. मी एंटर दाबलं.

अकरा जोड्या बाहेर पडल्या. त्याआधीच्या सात महिन्यांत या अकरापैकी एकही दिसली नव्हती.

"सारिका," मी म्हणाले, "इकडे ये. आरिफ, तूही. आदिनाथ!"

मी ऑफिसात सहसा मोठ्याने बोलत नाही. तिघंही उठून आले.

पहिली जोडी आदिनाथच्या व्हॅनची आणि आरिफच्या वाणाची. एकाची गाडी, दुसऱ्याची गुलाबाची जात. इंग्रजीत लिहिल्यावर दोघांत एका अक्षराचा फरक, आणि माझ्या नव्या नियमाने तोही पुसला होता.

"अय्या, म्हणजे हळदीकुंकवाला यंदा व्हॅन वाटायची?" सारिका म्हणाली.

"मला चालेल," आदिनाथ म्हणाला. "बायकोला पाठवतो तुमच्याकडे."

"हा खोटा इशारा," मी म्हणाले आणि कागदावर खोट्याच्या रकान्यात एक रेघ ओढली.

दुसरी जोडी वाडी. दोघांचा अर्थ एकच, स्पेलिंग वेगळं. निरुपद्रवी, पण खरी. तिसरी जोडी वजन. सारिकाचं वजन व्हीने सुरू होत होतं आणि किलोत होतं. आदिनाथचं डब्ल्यूने आणि ग्रॅममध्ये.

"थांब, थांब," आदिनाथ स्क्रीनजवळ आला. "मी तिचं वजन घेऊन माझ्या वजनाशी तुलना करतो. खोकं जड झालं तर अडवायला."

"मग आजवर एक तरी खोकं अडलं?" मी विचारलं.

त्याने मान खाजवली. मग म्हणाला, "मला वाटायचं आपले शेतकरी शिस्तीचे आहेत."

आरिफ इतका हसला की त्याने टेबलावर हात आपटला. मलाही हसू आवरेना. आम्ही चौघं एका स्क्रीनवर वाकून सुपात काय निघतंय ते बघत होतो. असं याआधी कधी झालं नव्हतं.

चौथी जोडी परवा.

आरिफचा डब्ल्यूने, सारिकाचा व्हीने. मी माप बघितलं: दोन्हीकडे नग. वर्णन बघितलं: दोन्हीकडे 'परवाची फुलं'. शब्द न् शब्द तोच.

"हे तर जुळतंय," सारिका म्हणाली. "खोट्यात टाक."

मी रेघ ओढायला पेन उचललं. पण सुपाने बोट ठेवलं होतं ते मापावर नाही आणि वर्णनावरही नाही. ते होतं उदाहरणावर. करारात प्रत्येक नावाला एक नमुन्याचं उत्तर द्यायचं, असा माझाच नियम होता आणि दोघांनी कुरकुरत पाळला होता. दोघांनी आजची तारीख म्हणून दहा धरली होती. आरिफच्या उदाहरणात परवाची तारीख होती बारा. सारिकाच्या उदाहरणात आठ.

मी पेन खाली ठेवलं.

"आरिफ, परवा म्हणजे कधी?"

"परवा म्हणजे परवा, ताई. उद्याच्या नंतरचा. परवा किती फुलं निघणार त्याचा अंदाज."

"काहीतरीच काय?" सारिका म्हणाली. "परवा म्हणजे कालच्या आधीचा. परवा तोडून ठेवलेली फुलं. परवाची फुलं असं कोणी म्हणालं तर तू काय झाडावरची समजशील?"

"परवा ये असं कोणी म्हणालं तर तू काय मागे जाशील?"

आरिफने कपाळाला हात लावला. "या अल्ला. दोन्ही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर आहे," मी म्हणाले. सकाळी हा शब्द आमच्यात दोनदा मोठ्याने उच्चारला गेला होता, चौघांनी ऐकला होता, चौघांनी माना डोलावल्या होत्या. चौदा ओळींनी तो धरला होता.

"आमच्या घरी हिंदी बोलणारे पाहुणे आले की 'कल'चासुद्धा घोळ होतो," आरिफ म्हणाला. "तुम्ही लोक नशीबवान, तुमचा फक्त परवाच बिघडलाय."

आदिनाथ हसला नाही. तो आपल्या जागेवर गेला होता आणि भराभर काहीतरी वाचत होता. "ताई," तो तिथूनच म्हणाला, "मी दोन्ही परवा एकत्र केलेत. दोन्हीला सगळ्यात जुनी फुलं समजून यादीत वर टाकलंय. गाडीत शंभर खोकी बसतात. अंदाजाचा आकडा मोठा असतो, त्यानेच शंभर भरतील. यादी म्हणणार गाडी भरली. आणि ती फुलं अजून झाडावर."

"आणि कोल्डरूममधली?" सारिकाने विचारलं.

"ती यादीत खाली. जागा नाही म्हणून मागे ठेवली असं दिसणार."

मी फोन उचलला. बेडश्याच्या नंदाबाई आमच्यासाठी ॲप पहिल्यांदा वापरून बघतात. लेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं वीस गुंठ्यांचं पॉलिहाउस आहे. तीन वेळा रिंग गेल्यावर त्यांनी उचलला. मागे कात्र्यांचा आवाज येत होता.

"मावशी, अमृता बोलतेय. एकच विचारायचंय. परवाची फुलं किती?"

"कंचा परवा?" त्या लगेच म्हणाल्या. "गेल्याला का येनारा?"

मी फोन स्पीकरवर टाकला. "मावशी, पुन्हा म्हणा."

"अगं, गेल्याला परवा का येनारा परवा? नीट इचार की. लय काम पडलंय हितं." मग संशयाने, "का गं? काय बिघडलं का तुमच्या त्या मोबाइलात?"

"नाही मावशी. अजून नाही."

"बिघडवू नका बरं का. आज अठराशे तोडतीया. शनवारी गाडीत चढली न्हाईत तर बकऱ्यांम्होरं टाकायची वेळ येईल. आन् बकऱ्यांनी तरी किती गुलाब खायचे?"

मी फोन ठेवला. नंदाबाईंना शब्द दुहेरी आहे हे सांगावं लागलं नव्हतं. त्यांनी विचारलं. आमचे तीन प्रोग्राम एकमेकांना दिवसातून चार हजार वेळा काहीबाही विचारतात, पण 'कुठला?' असं एकदाही विचारत नाहीत. ते आधी करारातच लिहावं लागतं.

सोपानदादा सव्वाअकराला आले. तहसील कचेरीतून आले होते, हातात कागदांची गुंडाळी. आम्हा चौघांना एकाच टेबलाभोवती बघून म्हणाले, "काय, कोणाचा वाढदिवस?"

आदिनाथने सांगितलं. दादांनी उभ्या उभ्या ऐकलं, मग गुंडाळी खाली ठेवून बसले. ते स्वतः गुलाबवाल्याच्या घरातले. यादी उलटी लागली तर काय होईल हे त्यांना समजवावं लागत नाही.

"बरं. परवा काढून टाका," ते म्हणाले. "एकाचं नाव अंदाज, एकाचं शिल्लक. समोर तारीख घाला. किती वेळ?"

"वीस मिनिटं," आरिफ म्हणाला.

"मग बाराचं बाराला जाऊ दे."

हे बरोबर होतं. वीस मिनिटांत नंदाबाईंचा परवा सुटला असता. आरिफ आपल्या खुर्चीकडे वळलाही. मी माझ्या कागदाकडे बघत होते. अकरा जोड्या. चार बघून झाल्या होत्या. त्यांतली एक खोटी, एक निरुपद्रवी, दोन अशा, की शनिवारी गाडी चुकीची भरली असती. सात बघायच्या होत्या.

"दादा," मी म्हणाले, "सात राहिल्यात."

"त्या सोमवारी बघू."

"त्यांत काय आहे ते मला माहीत नाही."

"ताई, तीनशे चाळीस इशारे सात महिने पडून आहेत. त्यांत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. गाडी रोज जाते."

"रोज माणूस यादी वाचतो. शनिवारी कोणी वाचणार नाही."

दादांनी खुर्ची मागे रेलली. "म्हणजे काय करू म्हणतेस? सगळं अडवू? लाल केलं तर तिघांचंही काम थांबणार. तीनशे चाळीस ठिकाणी हात घालायचा. आज गुरुवार. शनिवारी पहाटे गाडी लागते. नाही जमलं तर नवी यादी नाही, फोनवरची जुनी यादी, मोठ्या तोडणीच्या पहिल्याच दिवशी. संघाचे लोक मला विचारतील."

"तीनशे चाळीस नाहीत," सारिका म्हणाली. तिने माझ्या आधीच मोजायला घेतलं होतं. "निम्मे तर फुलाचे आहेत. एफ आणि पीएच. एकदा ठरवलं की एका दमात बदलता येतील. आणि माझ्या बाजूच्या तारखा नीटच आहेत, आदिनाथच्या उलट्या आहेत."

"हो, माझंच नाव घे."

"मग कोणाचं घेऊ? दिवस आधी तू लिहितोस."

"तारखा मी संध्याकाळपर्यंत करतो," आदिनाथ म्हणाला. "पण ताई, फूल कोणाचं? आरिफचं की हिचं?"

"एफ," आरिफ म्हणाला. "एक अक्षर कमी."

"पीएच," सारिका म्हणाली. "शाळेत तेच शिकवलंय."

"शाळेत तुला परवाही शिकवला होता."

दादा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. सात महिने या खोलीत फुलाच्या स्पेलिंगवर कोणी भांडलं नव्हतं, कारण कोणाला त्याची गरजच वाटली नव्हती. आता आदिनाथ वही ओढून वाटणी करत होता: आरिफकडे नावं, सारिकाकडे मापं, स्वतःकडे तारखा. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

"खोटे किती येतात आता?" दादांनी मला विचारलं. त्यांना माझी अट माहीत होती.

मी खरं तेच सांगितलं. "शंभरात नऊ. आजच्या नव्या नियमाने कदाचित दहा होतील. व्हॅन आणि वाणासारखे अजून निघतील."

"तुला पाच हवे होते."

"हो."

"मग?"

मी पुन्हा मनात आकडेमोड केली. तीनशे चाळीसांत चौतीस खोटे. प्रत्येक खोटा बघून सोडून द्यायला दोन मिनिटं. म्हणजे जेमतेम सव्वा तास, तिघांत वाटला तर पंचवीस मिनिटं. सात महिने मी त्या पंचवीस मिनिटांची काळजी करत होते. कारखान्यातही मी अशीच होते. सगळ्यांची मापं झाली तरी माझं एक माप बाकी असायचं. तिथे त्याने कोणाचं काही अडत नव्हतं. इथे नंदाबाई या क्षणी आठव्या नाहीतर नवव्या ओळीत कात्री घेऊन उभ्या असतील.

सारिका आणि आरिफ माझ्याकडे वळले होते. आदिनाथने वहीतून मान वर केली. दादा वाट बघत होते. त्यांनी जूनमध्ये सांगितल्याप्रमाणे ते म्हणणार नव्हते.

"दादा," मी म्हणाले, "लाल करा. सगळे नियम, आत्ता."